तोंड हुंगणारी डॉक्टर

यमुताईंच्या घरात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा येत नसे. येत नसे म्हणजे उंबऱ्याच्या आतच येत नसे. कांदेनवमीला भजी, थालिपीठं, कांद्याचा झुणका असा सगळा समारंभ यथासांग उरकला की कांद्याची टोपली धुऊन, वाळवून माळ्यावर जायची, ती चार महिन्यांनीच खाली उतरायची. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यात हा नेम एकदाही मोडला नव्हता. विश्वनाथरावांनीही कधी कुरकुर केली नाही. उलट चातुर्मासात बाहेरून आले की आणि जेवणं झाली की ते निमूटपणे खिशातली पितळी डबी काढून एक वेलदोडा तोंडात टाकत. नेम पाळणाऱ्या माणसाला तेवढी तरी चैन हवी म्हणून यमुताई दरवर्षी खास इतवारीच्या बाजारात जाऊन त्यांच्यासाठी हिरवेगार, टपोरे वेलदोडे आणत आणि बायकांच्या भजनात नवऱ्याचं कौतुकही करत.

घरात तिसरी बुंदी. सहा वर्षांपूर्वी, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकापाशी भिजलेलं एक पिल्लू सापडलं. पांढऱ्या अंगावर बेसनाच्या रंगाचे बारीक ठिपके, म्हणून बुंदी. नागपूरच्या हनुमाननगरातल्या त्या तळमजल्याच्या घरात कूलरसमोरची जागा तेव्हापासून तिची झाली. सकाळी सहाला विश्वनाथराव तिला फिरायला नेत आणि साडेसातला दोघं मोठ्या समाधानाने परतत. निवृत्तीनंतर घराबाहेर न पडणारा माणूस या कुत्रीमुळे चालायला लागला, हा यमुताईंना तिचा मोठाच उपकार वाटे.

त्या वर्षी नवरात्र बसायला आठ-दहा दिवस होते आणि बुंदीचं काहीतरी बिनसलं. ती ओट्याच्या तीन पायऱ्या चढून दम खाऊ लागली. दूधभात हुंगून परत कूलरसमोर जाऊन पडू लागली. मग एक दिवस यमुताईंनी अंगणात पाहिलं तर लघवी काळ्या चहासारखी.

पुण्याच्या नातीला, नूपुरला, फोन गेला. नूपुरने मोबाइलवर शोधून नागपुरातला सगळ्यांत जास्त तारे मिळालेला दवाखाना काढला आणि वेळही घेऊन टाकली.

तो दवाखाना सगळा काचेचा होता. आत इतका गारवा, की यमुताईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. भिंतीवरच्या टीव्हीत रंगीत मासे पोहत होते, कोणासाठी ते कळायला मार्ग नव्हता, कारण वाट बघणारे सगळे कुत्रे होते. काउंटरवरच्या मुलीने बुंदीचा वाढदिवस विचारला. यमुताईंनी गणपती विसर्जनापासून सगळी हकिकत सांगितली. मुलीने ती ऐकून घेतली आणि एक जानेवारी लिहिलं.

डॉक्टर विहंग नातवाच्या वयाचे, पांढरेशुभ्र बूट घातलेले, बोलायला गोड. त्यांनी बुंदीचं रक्त काढायला एकाला सांगितलं, सोनोग्राफी करायला दुसरीला सांगितलं आणि स्वतः पडद्याकडे बघत राहिले. खाणं घरचंच का, असं त्यांनी विचारलं. यमुताईंनी दूधभात, पोळी, ताकातली भाकरी, रविवारी साजूक तूप, असं सांगायला सुरुवात केली, पण दूधभाताशीच त्यांनी हातातल्या पाटीवर खूण करून टाकली होती. लघवीचा रंग सांगितला तर म्हणाले, ते रिपोर्टमध्ये येईलच. मग त्यांनी पडद्यावरच्या एका करड्या ढगावर बोट ठेवलं. प्लीहा वाढलेली आहे, गाठ असू शकते, काढून टाकणं उत्तम. गुरुवारी अकरा वाजता. उपाशीपोटी आणा.

बुंदी टेबलाखाली अंग चोरून बसली होती. डॉक्टरांचा हात तिला एकदाही लागला नाही, हे यमुताईंच्या परतताना लक्षात आलं आणि ते त्यांना खुपत राहिलं.

"पोट फाडणार म्हणे," घरी आल्यावर त्यांनी कामाला येणाऱ्या गोपिकेला सांगितलं.

गोपिका भांडी घासता घासता थांबली. तिच्या भावाच्या सहा म्हशी होत्या कळमेश्वरजवळ, त्यामुळे जनावरांच्या बाबतीत तिचा शब्द घरात चालत असे. "आमच्या तिकडं एक डॉक्टर बाई आहे, ताई. दीपमाला म्हणून. सरकारी दवाखान्यात ढोरं पाह्यते, सकाळी घरी कुत्रेबी पाह्यते. कापायच्या आधी तिले दाखवून तर पाहा."

विश्वनाथरावांनी एरवी एवढ्या लांब गाडी काढायला दहा सबबी सांगितल्या असत्या. त्या दिवशी ते मुकाट्याने किल्ली घेऊन आले. दोन दिवसांपासून ते गप्पच होते. बुंदीच्या काळजीने, असं यमुताईंना वाटलं. मंगळवारी सकाळी त्यांची जुनी मारुती बैलगाडीच्या चालीने कळमेश्वरला पोचली.

अंगणात एक म्हैस बांधलेली होती आणि तिच्यामागे उभी असलेली बाई खांद्यापर्यंत हात आत घालून काहीतरी चाचपत होती. तिने मान वळवून, बसा काकू, आलेच, असं सांगितलं, म्हशीचं काम संपवलं, बादलीत साबणाने हात धुतला आणि ओढणीचं टोक कमरेला खोचून आतल्या खोलीत सरळ जमिनीवर मांडी घातली. बुंदीला ना टेबल, ना पट्टा. शेणामुताच्या वासाने तीही जरा माणसात आली होती. ती हुंगत हुंगत डॉक्टरबाईंच्या गुडघ्याशी गेली.

दीपमालाने तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्या खडूसारख्या झाल्या होत्या. पापणी ओढून पाहिली, पोटावरून सावकाश हात फिरवला. मग बुंदीचा जबडा उघडून चक्क त्यात नाक घातलं.

यमुताई खुर्चीतून पुढे सरकल्या. साठ-पासष्ट वर्षांत त्यांनी हे पाहिलं नव्हतं.

यमुताई नागपूरच्या महाल भागात लहानाच्या मोठ्या झाल्या. मागच्या आवारात तांबडी गाय होती. ती आजारली की सायकलवर रामाजी यायचे, कातडी पिशवी हँडलला अडकवून. ते डॉक्टर होते की कंपाउंडर, हे कोणी विचारलं नव्हतं. घरातलं कोणी काही सांगायला लागलं की हाताने थांबवत आणि आधी गायीचं तोंड हुंगत. लहान यमू खांबाआडून तोंडावर हात ठेवून हसायची. पण रामाजी हुंगून जे सांगत, ते कधी चुकलं नाही.

दीपमालाने बुंदीच्या पायातून थेंबभर रक्त घेतलं, काचेवर पसरवलं आणि खिडकीतल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग यमुताईंनाही बघायला बोलावलं. लाल पेशींच्या कडेला बारीक टिंबं चिकटलेली दिसत होती, कुणी तीळ लावावे तशी.

"काकू," ती म्हणाली, "हिले कांदा कोण देऊन राहिलं?"

यमुताईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या ताठ झाल्या. चातुर्मास चालू आहे, त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात अडीच महिन्यांत कांद्याचं साल आलेलं नाही. सेहेचाळीस वर्षांत कुठल्याच चातुर्मासात आलेलं नाही. गोपिकासुद्धा डबा आणते तो बिनकांद्याचा. दुसरं काय वाटेल ते म्हणा, पण हे म्हणू नका. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि बाहेरची म्हैस वळून बघू लागली.

दीपमालाने सगळं ऐकून घेतलं. माणसाला कांदा पचतो, कुत्र्याला पचत नाही, रोज थोडा थोडा पोटात गेला तरी आत रक्त तुटत जातं, लघवी काळी येते, असं तिने समजावलं. काचेच्या दवाखान्याला तिने नावं ठेवली नाहीत. प्लीहा मोठी झालीय ते खरंच आहे, म्हणाली, रक्त तुटलं की ती फुगतेच. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं, फक्त तोंड हुंगलं नाही.

"कांदा असंन तर चाकूचं कामच नाही, काकू. पण तुम्ही म्हणता घरात कांदा नाही. मंग मले दुसरं कारण धरून चालावं लागंन. अन् मंग गुरुवारचं ऑपरेशन खोटं आहे, असं मी नाही म्हणू शकत."

बुंदी यमुताईंच्या चपलेवर हनुवटी टेकून पडली. गुरुवारी हिचं एवढंसं पोट उघडणार आणि अंगात रक्त असं नाही. ती टेबलावरून परत उठेल का, हे विचारायचं यमुताईंच्या ओठावर आलं, पण उत्तराच्या भीतीने त्यांनी विचारलं नाही.

विश्वनाथराव भिंतीवरचं गायींच्या जातींचं कॅलेंडर वाचत होते. गवळाऊ, साहिवाल, गीर. सगळ्या गायी वाचून झाल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचून झाल्या.

"मी," ते कॅलेंडरकडे बघतच म्हणाले. "मी देतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते डॉक्टरबाईंना सांगितलं, बायकोकडे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही. फिरायला म्हणून निघाले की चौकातला पोह्यांचा ठेला लागतो. तिथे रोज एक प्लेट तर्री-पोहा, वर चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेला. नोकरीत असताना कचेरीत जाताना व्हायचा, निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली, पण मग बुंदी आली. तर्रीचं एक वेळ निभतं, पण ठेलेवाला यंदा पोह्यांवर चिमटीऐवजी मूठभर कच्चा कांदा टाकतो आणि कच्चा कांदा खाल्ला की घरी गेल्यावर तोंडाचा वास लपत नाही. टाकून द्यावा तर अन्न वाया जातं.

"म्हणून तो हिला," ते म्हणाले. "तर्रीत भिजवून. ती आवडीने खायची हो. मला काय माहीत, कांद्याने कुत्र्याचं रक्त..."

"चातुर्मासातच का?" दीपमालाने विचारलं.

"एरवी मीच खातो," विश्वनाथराव म्हणाले.

दीपमालाने खाली बघून सलाइनची नळी सोडवायला घेतली. ती हसू दाबत होती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. गुरुवारचं आता विसरा, म्हणाली.

यमुताईंच्या डोळ्यांपुढून इतवारीतली मसाल्याची दुकानं जात होती. एकेक दाणा निवडून घेतलेला, दुकानदाराशी घासाघीस करून घेतलेला, नेमाच्या माणसासाठी घेतलेला. सेहेचाळीस चातुर्मास.

"वेलदोडे," त्या एवढंच म्हणाल्या.

विश्वनाथरावांची मान आणखी खाली गेली.

सलाइन संपायला दीड तास लागणार होता. यमुताई बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. राग भरपूर होता आणि तो आणखी वाढवावा असा त्यांचा विचारही होता. पण म्हैस रवंथ करत समोर उभी राहिली आणि रामाजींची उरलेली गोष्ट आठवली, जी त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आत्याच्या लग्नात उरलेल्या भाताचं अख्खं घमेलं यमूने गुपचूप गायीपुढे ठेवलं होतं. गायीवर तिचा जीव होता. दुसऱ्या दिवशी गाय पोट फुगून आडवी. रामाजींनी तोंड हुंगलं, मग खांबाआडच्या पोरीच्या परकराला चिकटलेली शितं पाहिली. वडिलांना ते म्हणाले, खाण्यात थोडं जास्त झालं, बाकी काही नाही. दोन दिवस गाय उठली नाही, ते दोन्ही दिवस यमू जेवली नाही. तिसऱ्या दिवशी गाय उभी राहिली, तेव्हा रामाजी सायकलवर टांग टाकता टाकता तिला हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी मले विचारून दे वं."

बस, तेवढंच. तिच्या वडिलांना ते मरेपर्यंत कळलं नाही.

परतताना बुंदी मागच्या सीटवर झोपली होती. काटोल नाक्याला सिग्नल लागला तेव्हा यमुताई समोर बघत म्हणाल्या, "तुम्हाला खायचं ते खा. हिला काही द्यायचं झालं, तर आधी मला विचारून द्या."

"मी आता कार्तिकीपर्यंत ठेल्याकडे बघणारसुद्धा नाही."

"तुमचा चातुर्मास तुमच्यापाशी. हिरवा झालाय, चला."

बुधवारी संध्याकाळी काचेच्या दवाखान्यातून त्या मुलीचा फोन आला. उद्या बुंदीला उपाशीपोटी आणायचं होतं. बुंदीचा उपास रद्द झाला आहे, यमुताईंनी सांगितलं, आमच्याकडे आता दुसऱ्याच कोणाचा चालू आहे. मुलीने तेही बहुधा कुठेतरी लिहून घेतलं.

आठवड्याने रक्त तपासायला पुन्हा कळमेश्वरची फेरी झाली, मग आणखी एक. दसऱ्याला बुंदीच्या हिरड्यांवर गुलाबी झाक आली आणि कोजागरीला तिने शेजारच्यांच्या मांजराला भिंतीवर चढवलं. सकाळचं फिरणं आता चौकाच्या उलट दिशेने होई. पहिल्या कोपऱ्यावर बुंदी ठेल्याकडे ओढ घेई, विश्वनाथराव तिला समजावत, आणि दोघं तोंड पाडून बागेकडे वळत.

कार्तिकी झाली. माळ्यावरून टोपली उतरली. यमुताईंनी बुंदीला मागच्या खोलीत ठेवून कडी लावली आणि कांद्याची भजी तळली, ताटभर. आतून दार खरवडल्याचे, मग दुःखाचे, मग सरळ शिव्यांचे आवाज आले. दोघांनी पोटभर खाल्लं, ओटा पुसला, सालं फाटकाबाहेरच्या डब्यात नेऊन टाकली आणि मग कडी काढली.

बुंदी आली ती शेपटी न हलवता. ती आधी विश्वनाथरावांसमोर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि तिने त्यांचं तोंड हुंगलं. मग यमुताईंकडे आली, नाकाला नाक लावून त्यांचंही हुंगलं, आणि दोघांकडे आळीपाळीने अशी बघत राहिली की कळमेश्वरच्या डॉक्टरबाईंनीही तसं बघितलं नसतं.

विश्वनाथरावांनी सवयीने खिशात हात घालून पितळी डबी काढली. यमुताईंनी बुंदीवरची नजर न काढता हात पुढे केला.

"मलाही द्या एक," त्या हळूच म्हणाल्या.