लमाश्तूची फणी

मी पाझुझू बोलतोय. म्हणजे भूतच, पण भाजक्या मातीचं, मुठीत मावेल एवढं नुसतं मुंडकं. भिऊ नका. कुत्र्याचा जबडा, बटबटीत डोळे, बकऱ्याची शिंगं, हे सगळं कुंभारानं मुद्दाम केलं. तान्ही मुलं नेणारी लमाश्तू भ्यायची, तर तिच्याहून वाईट तोंड नको का?

फरात नदीकाठच्या इन्सब्तूला दिवस गेले, तेव्हा तिची सासू बुसासा मला घेऊन आली.

“शी! हे गळ्यात घालू?”

“घाल गं. तुझ्या सासऱ्याचं तोंड मी जन्मभर पाहिलं, मला काय झालं?”

इन्सब्तू हसली. पण आधीचं मूल गेलेलं होतं. हसतानाही तिनं मला घट्ट धरलं होतं.

मुलगी झाली. खजूर पिकायच्या दिवसांत तिला ताप भरला, दूध पिईना. मांत्रिकानं लमाश्तूची मातीची बाहुली केली. आमच्याकडे तिला नुसतं हाकलत नाहीत, लेकीसारखी बोळवण करतात. वाटेला भाकरी, तिळाचं तेल, टकळी, फणी देऊन मातीच्या नावेत बसवतात आणि नदीत सोडतात.

“फणी धड द्या हो,” मांत्रिक म्हणाला.

“देते की,” म्हणत बुसासानं दात पडलेली फणी नावेत ठेवली. वर पुटपुटली, “त्या सटवीला काय लग्नाला जायचंय?”

नाव गेली. ताप गेला नाही.

ऊन कलताना मला ती दिसली. सिंहाचं डोकं, पाखराचे पाय, दारात निथळत उभी. मी डोळे वटारले, पण ती हलेना. केस शेवाळासारखे गुंतलेले.

“जा की गं बाई,” मी म्हणालो.

“अशी? झिंज्या घेऊन?”

आमचं बोलणं माणसांना ऐकू जात नाही. पोर तर आता रडतही नव्हतं.

इन्सब्तूला मांत्रिकाचे शब्द आठवले. ती एकदम म्हणाली, “सासूबाई, फणी कुठली दिलीत?”

बुसासा पोरीचं अंग पुसू लागली.

“पाठवणी केलीत की चेष्टा?”

तिनं आपल्या केसांतली माहेरची फणी उपसली आणि धावत सुटली. मी तिच्या छातीवर आपटत होतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं फणी सोडली. “घे. माझी आहे. सगळे दात आहेत. आता जा बाई.”

मग मी पाहिलं. मधल्या धारेत, आपल्या नावेत लमाश्तू बसली होती आणि सावकाश, अगदी सावकाश केस विंचरत होती. मागं वळून तिनं पाहिलंच नाही.

घरी पोरीला घाम सुटला होता. तोंड इकडेतिकडे करून ती दूध शोधत होती.

“काय हा अवतार!” बुसासा सुनेला म्हणाली आणि रडायलाच लागली. मग बाळ पीत असताना, मागं बसून, सुनेचे केस ती बोटांनी सोडवत राहिली.

पुढं इन्सब्तू म्हातारी होऊन गेली. घराच्या जमिनीखाली तिला पुरताना त्याच लेकीनं मला आईच्या गळ्यात राहू दिलं. आता वर घर नाही. नदीसुद्धा लांब सरकलीय. कधी कुदळ लागून मी तुमच्या हाती आलो आणि घरात तान्हं असेल, तर मला खुशाल दारावर टांगा. नसेल, तर माती पुन्हा लोटा. मी हिच्यापाशी बरा आहे.