पुलाचं शेपूट

पूल केंद्राच्या प्राधिकरणाकडे गेला तेव्हा त्यांनी तो पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत नेला. नदीपलीकडे पूल संपतो तिथून औषध कारखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता मात्र आमच्या नगरपालिकेच्या गळ्यात राहिला, कारण त्यात खड्डे होते आणि खड्डे कुणालाच नको असतात. गाव त्या तुकड्याला शेपूट म्हणायला लागलं. विरोधक भर सभेत म्हणायचे, नगराध्यक्षबाई, आता शेपूट हलवत बसा. नगराध्यक्षबाई म्हणजे मी. मी खुर्चीला चिकटून बसलेय, हा त्यांचा दुसरा आवडता विनोद. दोन्हींवर हसायला मी लवकर शिकले, कारण आपण रागावलो की समोरच्याला जास्त मजा येते.

पुलावर प्राधिकरणानं जो अभियंता नेमला, तो माझा जावई. लग्न आधी झालं, नेमणूक नंतर, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती. घरात ते जावईबापू आणि मी आई. कामाच्या ठिकाणी ते साहेब आणि मी नगराध्यक्षबाई. जेवताना पुलाचं नाव काढायचं नाही, असा लेकीनं नियम केला होता आणि आम्ही दोघं तो मुकाट्यानं पाळत होतो.

त्या वर्षी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी चढली. एका सकाळी जावईबापू माझ्या दारात आले आणि चहाला नाही म्हणाले. तिसऱ्या खांबापाशी कठडा बोटभर खाली गेलाय, म्हणाले. आधी कळत नव्हतं, आता नुसत्या डोळ्यांना दिसतंय. खांब खचतोय.

मग बंद करा की, मी म्हटलं. तर तो अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी मोजायचं, फोटो काढायचे, वर पाठवायचं. ‘बंद’ हा शब्द फक्त राजधानीनं उच्चारायचा. अहवालातसुद्धा त्यांना तो लिहिता येत नव्हता. तिथे ते ‘वाहतुकीबाबत मार्गदर्शन अपेक्षित’ असं लिहीत. फोटो कधीच पोहोचले होते. सोमवारी पाहणी पथक येईल, असं उत्तरही आलं होतं. सोमवार अजून लांब होता.

मी सकाळभर फोन केले. राज्याचं बांधकाम खातं म्हणालं, विषय आमच्याकडे राहिलेला नाही. पोलीस म्हणाले, प्राधिकरणाचं लेखी आणा. राजधानीतली बाई फार गोड बोलली आणि तक्रार दिव्यांची आहे की स्वच्छतेची, असं तिनं विचारलं. माझं डोकं फिरलं, पण तिच्यावर ओरडून काय होणार होतं? शेवटी कारखान्याच्या व्यवस्थापकाला गाठलं. पूल बंद आहे का, त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग संध्याकाळी बस नेहमीसारख्याच सुटतील. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून येतो आणि डिझेल काही फुकट मिळत नाही. त्या बसमधून माझी लेक रोज घरी येते. कामावर तिचा फोन फाटकाशी जमा असतो.

दुपारी मला शेपूट आठवलं. पूल आमचा नसेल, पण पुलावर चढायचा रस्ता तर आमचा होता. आपल्या रस्त्यात पाण्याचा पाइप गळायला लागला, तर तो खणायला राजधानीला विचारावं लागत नाही.

अलीकडचं टोक सोपं होतं. बाजाराच्या चौकात नगरपालिकेच्या कचऱ्याच्या दोन गाड्या आडव्या बंद पडल्या, आणि त्या एरवीही बंद पडत असल्यानं कुणाला संशय आला नाही. पलीकडचं अवघड होतं. जेसीबी पुलावर घालायची कुणाची छाती नव्हती. कुदळी घेऊन चालतच जायचं ठरलं. रस्ते विभागाची माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, म्हणून मी पुढे झाले. दुसऱ्याच्या पोरांना कुठल्या तोंडानं पाठवणार होते? एकमेकांत अंतर ठेवून आम्ही निघालो. खाली पाणी नुसतं घुमत होतं. मधोमध आल्यावर आम्ही सगळे पाय हलके टाकायला लागलो, हळू चाललं तर पुलाला कळणारच नाही, अशा थाटात. मला भयंकर भीती वाटत होती.

शेपटावर पोहोचल्या पोहोचल्या खणायला घेतलं. थोड्या वेळानं जावईबापू मागून पळत आले.

“नगराध्यक्षबाई, हे काय चाललंय?”

“पाइप गळतोय, साहेब.”

“इथे पाइप नाहीये.”

“नसेलही. खणल्यावर कळेल.”

त्यांच्या हातात फोन होता. पोलिसांना बोलावणं हे त्यांचं काम होतं आणि ते कामात कधी चुकले नव्हते. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. फाटकातून पहिली बस बाहेर येताना दिसली. त्यांनी बसकडे पाहिलं, मागे वळून कठड्याकडे पाहिलं, मग ते खड्ड्यात डोकावले.

“उथळ आहे, आई. बस उतरून निघून जाईल. खोल खणा.”

बस थांबल्या. दिवसभर राबून दमलेली माणसं खाली उतरली आणि त्यांनी मला जे काही ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लेक त्यांच्यातच उभी होती. ती कधी माझ्याकडे, कधी नवऱ्याकडे बघत होती. सगळे डोंगराच्या रस्त्यानं उशिरा घरी पोहोचले. पूल रात्रभर जागचा हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात माझी मनसोक्त टिंगल झाली.

सोमवारी पथक आलं. साहेब लोकांनी खाली वाकून तिसरा खांब पाहिला, वर येऊन घाम पुसला आणि पूल बंद असल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. खांबाला आधार दिला, पूल पुन्हा सुरू झाला. आमचे आभार कुणी मानले नाहीत. उलट एक आदेश आला. पुलाला दोन्ही टोकांनी जोडणारे रस्ते, बाजाराच्या चौकासकट, प्राधिकरणानं ताब्यात घेतले, म्हणजे पुन्हा ‘अनधिकृत खोदकाम’ होणार नाही. कागद सहीला घेऊन जावईबापूच आले. मी सही केली आणि पुढच्या वेळी काय करायचं, ते विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

पुढची वेळ पुढच्याच वर्षी आली. या वेळी दुसरा खांब. तेच फोटो, तेच मार्गदर्शन अपेक्षित. दुपारी त्यांचा फोन आला.

“आई, कुदळी आहेत ना?”

“कुदळी आहेत हो. खणायला आपलं काही उरलं नाही.”

फोन ठेवून मी दालनात इकडे तिकडे पाहिलं. माझं म्हणण्यासारखी तिथे एकच वस्तू होती, तीही निवडणुकीपर्यंत. शिपायाला म्हटलं, धर एका बाजूनं. ती सागवानी खुर्ची आम्ही दोघांनी पुलावरून पलीकडे नेली. बातमी कळल्यावर विरोधी पक्षनेते आपली खुर्ची घेऊन चौकात जाऊन बसले. त्यांना कधीपासून बसायचंच होतं.

मी शेपटाच्या मधोमध खुर्ची मांडली आणि बसले. भोंगा झाला. बस आल्या आणि माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर पहिली थांबली. पूल बंद करायचं पत्र अजून राजधानीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतं. मला उठवायचा आदेश मात्र भोंगा विरायच्या आत जावईबापूंच्या फोनवर हजर झाला. तो त्यांनी माझ्यासमोर उभं राहून वाचला.

“नगराध्यक्षबाई, रस्त्यातला अडथळा ताबडतोब हटवायचाय.”

“कुठला अडथळा, साहेब?”

“तुम्ही.”

बसच्या खिडकीतून लेक बघत होती. त्यांनाही ती दिसली असणार. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. जावईबापूंनी फोन खिशात टाकला आणि ते ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

“पूल बंद आहे,” ते म्हणाले.

“कुणी केला?”

“मी.”

ड्रायव्हरनं त्यांच्या जॅकेटवरचा प्राधिकरणाचा शिक्का पाहिला. मग काही न विचारता त्यानं बस मागे घेतली, आणि तिच्यामागच्याही वळायला लागल्या.

जावईबापू परत आले आणि रस्त्यावरच खाली बसायला लागले. मी उठले आणि त्यांना खुर्ची दिली.