पेटणारा ओढा

बोरिस्लाव गावच्या ओढ्याकाठी त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओनुफ्रीबाबाने ओढ्यावर मेणबत्ती धरली आणि पाणी भप्पकन पेटलं. बाया गुडघ्यांवर बसल्या.

"संतांची कृपा," जाळ विझल्यावर पाण्यावर नव्याने वाहत आलेला तेलकट थर बाटलीत भरत बाबा म्हणाला. "दिव्यात घाला. पुण्यवंताकडे धूर नाही की वास नाही. पाप्याचा दिवा मात्र फुटतो. मी कोण ठरवणार, संतच ओळखतात."

मग गर्दीतल्या एका बाईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून तो म्हणाला, "पारास्काबाई, काय केलंत ते कबूल करा."

"तेच तर आठवत नाही हो मला," ती म्हणाली.

गुरुवारी बाबाचं तेल घातलेला तिचा दिवा फुटून हात भाजला होता. आज सकाळी चर्चमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नव्हतं. तिचा दीर ओलेक्साही नाही.

ओलेक्साची मान खाली गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तेल गाळायच्या कारखान्यात तो भट्टीवर होता. तेलाच्या विहिरीतून उपसलेलं काळं तेल तापवलं की आधी पाण्यासारखं पातळ, भडकं तेल निघतं. त्याला गिऱ्हाईक नाही. ते ओढ्यात ओतणारे हात त्याचेच होते.

तो घरी धावला. दिव्याचं तेल आणि दोन बशा घेऊन आला.

एका बशीत बाबाची बाटली ओतली. जळती काडी टेकायच्या आधीच, बोटभर अंतरावरून बशी पेटली. दुसरीत दिव्याचं तेल ओतून त्यात काडी बुडवली. ती चुरर् करून विझली.

"पहिल्याची वाफ पेटते," ओलेक्सा म्हणाला. "ती दिव्यात कोंडली की दिवा फुटतो, घर कुणाचंही असो. दिव्याचं तेल भट्टीतून नंतर निघतं. पहिलं मी ओढ्यात टाकतो."

"पापी तू," बाबा ओरडला.

"आहेच की. पण या पाप्याच्या दिव्याच्या तेलानं काडी विझवली."

कुणीतरी हसलं. बाबाने बाटल्या गोळा करायला घेतल्या. पारास्का हसली नाही.

"भाऊजी, हे कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून, वहिनी. नोकरी जाईल म्हणून..."

"म्हणजे गुरुवारच्या आधीपासून."



लोकहो, देवावर माया असेल तर एवढं ध्यानात धरा. लेकरांचं पाप शोधायला तो त्यांचे हात भाजत नाही. ओढा पेटलेला दिसला, तर हात जोडण्याआधी वरच्या अंगाला जाऊन बघा, कोण काय ओततंय. आणि ओतणारे आपणच असलो, तर दिवा फुटायच्या आधी, बुधवारीच बोला.