सामाईक विहीर

"पाइप काढ म्हनते ना! नायतर मी उतरते खाली!" केसरबाईनं पदर खोचला अन् खरंच विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागली.

काठावर टँकर उभा. शेजारी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ सखाराम. तो ओरडला, "कचरू, तुह्या बायकोला आवर!" कचरू मोटारीच्या पेटीजवळ मान खाली घालून उभा राहिला.

"विहीर सामाईक हाय," सखाराम म्हणाला. "माह्या वाट्याचं पानी मी इकतो. तुला काय करायचं?"

"पान्याचे वाटे कुठं पडलेत, दादा? तुमी उपसलं की माही बाग वाळती."

ही विहीर सासऱ्यानं, आप्पासाहेबानं खणलेली. पैठणला धरण झालं तेव्हा त्यांचं गोदाकाठचं काळं रान बुडालं, अन् बदल्यात बिडकीनच्या पुढचा हा मुरमाड माळ पदरात पडला. म्हाताऱ्यानं कुदळीनं मुरूम फोडून पाणी काढलं. त्याच धरणाचं पाणी आता मोठ्या नळातून गावाच्या अंगावरून शहराला जायचं. गावाला थेंब नव्हता. शहर वाढतच चाललेलं. नळ पोचला नव्हता त्या नव्या इमारतींना टँकर लागायचे, अन् पावसानं लागोपाठ दगा दिल्यापासून सखारामचा धंदा जोरात होता.

केसरबाई शेवटच्या पायरीवर पाण्यात बसली. पाइपाचं तोंड मांडीत दाबून धरलं. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मौसी, ऊपर आव ना. हमारे कू टैम होरा."

"जा घिऊन तुहा टँकर. मी हितंच मरते."

 त्यानं पाइप वर ओढून घेतला अन् गुंडाळला. "सखारामभाई, औरत पानी में बैठी, मैं मोटर नै चलाता. ये पाप मेरे कू नको."

तो गेला तो गेलाच. सखारामनं आईमाईचा उद्धार केला, पण दुसरा टँकरवाला काही आला नाही. त्या हप्त्यात कचरूनं मोसंबीला पाणी दिलं. सुकलेली पानं उलगडली. केसरबाई झाडाझाडाला हात लावत हिंडली. तिच्या लग्नातबी ती एवढी मिरवली नसंल.

अन् गावाकडेच्या भीमनगर वस्तीचा हातपंप आटला.

एका सकाळी तिथली मालनबाई चार-दोन बायका घेऊन आली. कमरेवर कळश्या. विहिरीपासून जरा लांबच उभ्या राहिल्या. "केसरबाई, सरकारी टँकर येतो म्हनत्यात, पर पत्ता नाय. पियापुरतं तरी दे, माय."

कचरू बायकोच्या कानाशी लागला. "आज ह्यायला दिलं की उद्या समदा गाव यील. बाग गेली समज."

बांधावरून सखाराम हसला. "मला इकू देईना. आता वाट फुकट!"

केसरबाईला नाय म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलाही होता. पण मालनबाईच्या खांद्यावरचं तान्हं नातवंड कोरड्या जिभेनं ओठ चाटत होतं.

"लांब का उभ्या? या. दोर हाय तिथं."

कचरूचं खरं झालं. सारा गाव आला. विहिरीचा तळ उघडा पडला. आधी फळं गळाली, मग पानं. वैशाखात फांद्या हात लावताच मोडायला लागल्या. कचरूनं कुऱ्हाड घातली अन् शहरातल्या भट्ट्यांसाठी टेम्पो भरून लाकूड गेलं. मालनबाई न बोलावता आली. काटक्या गोळा करता करता म्हणाली, "आमच्यापायी झालं गं हे."

"गप बस," केसरबाई म्हणाली. मग तिच्याकडं न बघता बोलली, "नाय म्हनता आलं आसतं, तर म्हनले आसते मी."

पुढच्या सालात पाऊस झाला. एक दिवस कचरू पळतच घरी आला. "केसर, बुडखे फुटले गं! हिरवेगार!"

ती धावत रानात गेली. एक पान तोडून चुरगळलं, नाकाला लावलं. फुटव्याला बोटभर काटे होते.

"ही जंबेरी हाय, काटेरी लिंबू. खालचा खुंट फुटलाय. त्याच्यावर बांधलेली मोसंबी मेली."

"मंग पुन्यांदा मोसंबीचा डोळा भरून कलम करू की! खुंट तर जित्ता हाय."

"भरशील. डोळा घ्यायला मोसंबीची हिरवी काडी कुठून आनशील?"

कचरूनं शिवारावर नजर फिरवली. ज्याच्या त्याच्या रानात बुडखेच होते.

केसरबाई खाली बसली. बुडख्यावरचा एक सरळ फुटवा डोळ्यासाठी ठेवून बाकीचे मोडायला लागली. काटे हातात रुतत होते. एक बुडखा झाला की ती पुढच्याकडं सरकत होती.