दुसरं बोलावणं

लोकं मला तापट म्हणतात, ते काई खोटं न्हाई. पण त्या ऐतवारी माज्या तोंडानं जे केलं, ते वैऱ्यानंबी केलं नसतं.

माजी सत्यशीला चार महिन्यांपासून माहेरी होती. वारंगा फाट्याला सासर. नवरा मारायचा, सासू चटके द्यायची. मी म्हणलं, मसणात गेलं ते घर, तू इथंच गोरेगावात राहा. पण पोरगी उंबऱ्याबाहेर पडंना. बाया आपल्यालाच बोलतात, म्हणायची. म्हणून म्हणलं, घरचं बोकड कापावं. गल्ली येईल, तिच्याशी हासंल-बोलंल, म्हंजी पोरीला गावात मान वर करून फिरता येईल.

तीच म्हणली, पार्टी करू. हिंगोलीत मैत्रिणीकडं पाह्यली होती तिनं. घाई न्हाई, ज्याला जव्हा जमंल तव्हा येतं, निवांत बसतं. किती दिसांनी तिच्या तोंडावर तजेला आलता. मी सकाळीच धा घरांना चूलबंद आवतन दिलं. आज चूल पेटवू नका, लेकराबाळासकट सवडीनं या, म्हणलं.

आमच्याकडं नुसत्या आवतनावर कुणी उठून येत न्हाई. सैपाक झाला की परत घरोघरी जाऊन सांगावं लागतं, चला, ताटं वाढली. मी निघालेबी होते. सत्यशीलानं हात धरला. म्हणली, आये, हाकून आणल्यावर ती कसली पार्टी, येऊ दे त्यांच्या मनानं. लेकरू इतक्या दिसांनी काई मागून राहिलं, न्हाई कसं म्हणू?

लिंबाखाली सतरंजी टाकून, जरीचं लुगडं नेसून ती दारात उभी राहिली. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. रस्सा गार झाला. चिटपाखरू आलं न्हाई. माजं डोस्कं फिरलं.

"नांदत नसलेल्या पोरीच्या हातचं कोण खाईल?" मी म्हणलं.

ती आत गेली. पिशवी घेऊन आली अन् वारंग्याला जाते म्हणली. मी भांडी आदळत होते. राग नाकावर बसलेला, वळून पाह्यलंबी न्हाई.

दिवस कलायला शेजारची गोजरबाई आली, फणफणतच.

"सिंधू, चूलबंद आवतन देऊन बोलावणं काहून धाडलं न्हाई? सकाळपासून लेकरं उपाशी हायेत. साऱ्या गल्लीत एक चूल पेटली न्हाई."

सत्यशीलासाठी चोळीचं कापड होतं तिच्या हातात.

रागात मला त्याचा इसरच पडलता. मी अनवाणी पळाले. वारंग्याला जायला धरायची ती सेनगावची जीप तिला घेऊन कव्हाच गेलती. परतताना धाही घरं पाह्यली. पोरं अंगावर नवे कपडे घालून वट्ट्यावर पेंगत होती, एका घरातून धूर न्हाई.

आता तरी काय करावं? त्यांना उपाशी कसं ठेवू? दारोदार गेले, चला म्हणलं, ताटं वाढली. समदे लगोलग उठले. सतरंजीवर बसले, जेवले, गप्पा मारल्या, हासले. पोरीला जसं पाह्यजे होतं तसंच निवांत.

जो तो इचारत होता, सत्यशीला कुठं हाय.