पट्टी उचलणारी

कल्याणच्या त्या सहा खाटांच्या इस्पितळात बायका चौथ्या दिवसाला भिऊ लागल्या होत्या. १९५४ सालचा मार्गशीर्ष. गर्भाची पिशवी काढायचं ऑपरेशन नीट व्हायचं, बाई पेज घेऊन बोलू लागायची, आणि चौथ्या दिवशी टाके लालभडक, पट्टीखाली पू, अंगात ताप. दोघी पेनिसिलिनवर कशाबशा वाचल्या. विठ्ठलवाडीची जया वाचली नाही.

डॉक्टर मंदाकिनीबाईंनी हत्यारं दोनदा उकळली, गाद्या जाळल्या, भिंती फिनाइलने धुतल्या. नर्स सुमतीचे हात घासून घासून भेगाळले. तरी तेच.

मग ठाण्याच्या खाडीकडच्या मिठागरावरची ठमाबाई आली. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सुमती तिची पट्टी बदलायला गेली, तर ती म्हणाली, "आता परत कशाला सोडतेस? मगाशीच बघून गेलीस ना?"

"मी? मी आत्ता येतेय."

"मग ती कोन? तुमी जेवाया गेल्याव की रोज येते. तिचे डोले मिटलेले. पट्टी उचलते, टाक्यांवं बोट फिरवते, आन् बोटाचा वास घेते. गुंगीत मना वाटला तूच."

सुमतीने पोटावरची पट्टी पाहिली. पिन उलट्या बाजूने लावलेली होती. तिने तशी कधीच लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेलीच नाही. पडद्यामागे उभी राहिली. बाहेर टळटळीत ऊन, आत नळाचं ठिबकणं. बायका ग्लानीत होत्या. दार न वाजता उघडलं आणि हौसाबाई अनवाणी आत आली. इस्पितळातली सर्वांत जुनी आया. तिचे डोळे खरंच मिटलेले होते, पण पाय कुठे अडखळत नव्हते. ती ठमाबाईपाशी वाकली, पट्टी उचलली, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग लाडाने पुटपुटली, "अजून नाही गं सगुणा. अजून चांगलं आहे."

सुमतीने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. "मावशी!"

हौसाबाईने डोळे उघडले. तिच्या त्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. सुमतीने ती सोडली. नखाच्या कडेने पू वाहत होता.

"नखुरडं आहे," हौसाबाई म्हणाली. "काही नाही ते."

"सगुणा कोण?"

"माझी लेक. दुसऱ्या दवाखान्यात तिचं असंच ऑपरेशन झालं. चार दिवस कुणी पट्टी उचलून बघितली नाही, सिस्टर. वास दारापर्यंत आला तेव्हा बघितली. म्हणून मी बघते, डोळे मिटून, वासावरनं. वास आला की सांगणार होते मी तुम्हाला."

मंदाकिनीबाईंनी तिच्या बोटाला चीर देऊन ते साफ केलं. तबकडीत पडलेला पू हौसाबाई टक लावून पाहत होती.

"जयाच्या पोटात हेच होतं?"

मंदाकिनीबाईंनी मान खाली घातली. सुमतीला वाटलं, नाही म्हणावं. तिने तबकडीवर कापड टाकलं. हौसाबाई रडली नाही. धुतलेला हात पदरात झाकून, स्वतःच्याच अंगाला तो लागू नये तशी बसून राहिली.

संध्याकाळी ठमाबाईला ताप भरलाच. दोन टाके उघडून जखम धुतली, सुया सुरू केल्या. सोळाव्या दिवशी ती भावाच्या खांद्याला धरून घरी गेली.

हौसाबाई त्यानंतर खाटांच्या खोलीत कधी गेली नाही. बोट बरं झाल्यावर तिने आपणहून दारापाशी, हात धुवायच्या मोरीजवळ स्टूल मागून घेतलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "नखं दाखवा." मंदाकिनीबाईसुद्धा मुकाट्याने हात पुढे करत.

त्या हिवाळ्यात आणखी एकही जखम चिघळली नाही. सुमतीला त्याचं समाधान होतं. पण मोरीवर हात धुताना मागे हौसाबाईचा श्वास ऐकू आला की तिची पाठ ताठ व्हायची, आणि हात स्वच्छ झाले तरी ती घासतच राहायची.