जळकोटच्या पानावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे, आणि मला उघडणारा माणूस आधी शिंकतो. यात माझा काडीचाही दोष नाही. मी छापली गेले नांदेडला. पण धर्माबादच्या एका मिरचीच्या अडत्यानं दिवाळीत वाटायला आम्हां दोनशे बहिणींना मागवलं आणि जागा नाही म्हणून महिनाभर मिरचीच्या पोत्यांवर रचून ठेवलं. तिखट अंगात मुरलं ते मुरलंच. पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच उडाली, वास मात्र अजून आहे.

अडत्यानं मला हणमंतरावांना दिलं. हणमंतराव नांदेडला जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देत. लोक त्यांना वकीलसाहेब म्हणत. "अहो, मी वकील नाही," असं सांगून सांगून ते थकले आणि शेवटी त्या हाकेला ओ देऊ लागले.

माझ्या बहिणींपैकी कुणाच्या वाट्याला दुधाचा रतीब आला, कुणाच्या वाट्याला भिशीची नावं. माझ्या वाट्याला कोड आले. करखात्याकडून प्रत्येकाचा एक उतारा निघतो. तुमच्या कोणत्या पैशातून कुणी किती कर कापला आणि तो सरकारात पोचला का, ते त्यात ओळीनं असतं. पण असतं ते सगळं आकड्यांत आणि अक्षरांत. १९२ म्हणजे पगार, १९४ए म्हणजे ठेवीचं व्याज, १९४सी म्हणजे ठेक्याचं बिल. ओळीत एफ असला तर कर पोचला. यू असला तर कापल्याचं सांगितलंय, पण जमा झालेला सापडत नाही. तो कागद हातात धरून भली भली शिकलेली माणसंही कावरीबावरी होत.

हणमंतराव प्रत्येक कोडाचा अर्थ माझ्यात साध्या मराठीत लिहून ठेवत. आकड्यांच्या क्रमानं मात्र नाही. ते म्हणत, "आकडा माझ्या ध्यानात राहत नाही, माणूस राहतो." म्हणून माझ्या पानांच्या डोक्यावर गावांची नावं आहेत. त्याखाली ज्या माणसामुळे तो कोड समजला त्याचं नाव, मग कोड, मग चार ओळी. हिमायतनगरच्या पानावर बघा: "सुगत मास्तर. यू. संस्थेनं पगारातून कापला, भरला नाही. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला भरला. मास्तरांनी पेढे आणले. फार गोड."

ते माझे सुगीचे दिवस होते. शेजारपाजारचे सल्लागारसुद्धा अडलं की फोन करत, "हणमंतराव, जरा तुमच्या मिरचीत बघा बरं." मग मी उघडले जाई, हणमंतराव शिंकत आणि पलीकडचा माणूस फोनवर हसे. मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

मग एके सकाळी हणमंतरावांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांची सून आरती तेच काम शिकली होती, तिनं खुर्ची सांभाळली. मुलगी हुशार, हात चलाख. कोड विचारायचा तर ती संगणकाला विचारी आणि त्याचं उत्तर पापणी लवायच्या आत येई. त्यात यंदा नवा कायदा आला आणि माझ्या पोटातले जवळजवळ सगळे आकडे बदलले. प्रिंटरचा एक पाय आखूड होता. आरतीनं मला त्याखाली सारलं. मी रागावले नाही असं म्हणणार नाही. चांगली रागावले. ज्या पानांवर इतकी माणसं राहतात, त्यांच्यावर प्रिंटर धडधडायचा. हणमंतराव समोरच्या दिवाणावरून माझ्याकडे बघत बसायचे. दोघंही मुके, करणार काय?

अशातच एका दुपारी जळकोटकडून नीलम्मा आली. पन्नाशी उलटलेली बाई, पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. तिचा नवरा मन्मथ मागच्या पौषात वारला होता. त्याची ट्रंक आवरताना हा जुना उतारा निघाला आणि तिच्या दिरानं, किशनरावानं, तो वाचून दाखवला होता.

"त्या साली माझ्या मालकास्नी कुठल्या तरी हापिसानं एक लाख वीस हजार दिले, असं दिसून राहिलंय म्हणे," नीलम्मा म्हणाली. "घरात तर एक रुपाया आला न्हाई, माय. दीर म्हणतो, दादाचं बाहेर काही तरी व्हतं. बत्तीस वर्सांचा संसार झाला माझा. जेवायला बसलं की त्येच आठवतं, घास उतरत न्हाई. पैसे नगं मला. ते कुठं गेले, तेवढंच सांगा."

आरतीनं कागद पाहिला. "१९२ए. भविष्य निर्वाह निधी. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत काढला, म्हणून बारा हजार कर कापला गेला. ते मिलमध्ये होते का?"

"हाव. इथंच, सूतमिलीत. पण मिलीनं काढून टाकलं म्हणाले व्हते."

"काढलं नाही. त्यांनी स्वतः सोडली, आणि निधी उचलला."

आरतीनं खरं तेच सांगितलं, पण नीलम्माचा चेहरा उतरला. नवरा खोटं बोलला म्हणजे त्याला काही तरी लपवायचं होतं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. "मग दीर खरं बोलला," एवढंच म्हणून ती कागदाची घडी घालू लागली. मित्रांनो, पैसा कुठून आला ते कोड सांगतो. कुठे गेला ते त्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं! आणि मी प्रिंटरखाली पडले होते.

तेवढ्यात दिवाणावरून दणका ऐकू आला. हणमंतराव डावा हात दिवाणाच्या फळीवर आपटत होते. मग त्यांनी प्रिंटरकडे बोट केलं.

"काय हवंय, मामा? प्रिंट काढू?" आरतीनं विचारलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. तिनं कोरा कागद दिला, तो त्यांनी भिरकावला. पाणी दिलं, ते सांडलं. नीलम्मा पायात चपला घालून दारात उभी होती. हणमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी काय करावं? नाक वर केलं, डोळे मिटले, आणि अख्खं अंग हलवून एक खोटी शिंक दिली.

आरतीनं प्रिंटरखाली पाहिलं. मग म्हणाली, "मिरची!"

प्रिंटर कलंडला आणि मी उजेडात आले. आरतीनं मला उघडलं, खरीखुरी शिंकली, आणि १९२ए शोधत पानं उलटू लागली. आकड्यांचा क्रमच नाही, तर तिला सापडणार कसं? हणमंतरावांनी नीलम्माकडे बोट दाखवलं, पुन्हा पुन्हा. शेवटी आरतीच्या ध्यानात आलं. "मावशी, गाव कुठलं तुमचं?"

"जळकोट."

जळकोटच्या पानावर हणमंतरावांचं ते जुनं, ठाशीव अक्षर होतं. आरती मोठ्यानं वाचू लागली.

"मन्मथ, सूतमिल. १९२ए. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत निधी काढल्यास कर कापतात. चार महिने थांबला असता तर कापला नसता. पण बायकोच्या पोटात गाठ, डॉक्टर म्हणतात दोन महिन्यांत ऑपरेशन करा. तिला सांगितलंय, ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट आहे. म्हणतो, मी हाय तवर घरी सांगू नका वकीलसाहेब, खर्च कळला तर ती टेबलावरून उठून घरला जाईल. विवरणपत्र भरलं. बारा हजार परत आले. त्याच्या दोन शेळ्या घेतो म्हणाला."

नीलम्मा चपलांसकट खाली टेकली होती.

"शेळ्या," ती म्हणाली. "दारात दोन शेळ्या आणून बांधल्या. म्या म्हणलं, पैसे कुठले? तर म्हणाले, सरकारनं दिले. म्या लई हसले व्हते, वकीलसाहेब. थापा मारून राहिलेत म्हणलं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "खरं बोलत व्हते की वो ते! आन् म्या महिनाभर त्यांच्या फोटूकडं पाठ करून निजले."

मग तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लई तिखट हाय ही वही."

आरतीनं पट्टी घेतली आणि माझं पान कडेनं दुमडलं. "मावशी, हे पान तुम्ही घेऊन जा. दिरांना दाखवा." पट्टी लावून ती ते फाडणार होती. पण पान गेलं असतं तरी माझी तक्रार नव्हती, खरंच सांगते.

"नगं, फाडू नगा," नीलम्मा म्हणाली. "दिराला हितं आणते, त्येच्या कानानं ऐकू दे. ह्यातलं त्यांचं नाव कुठलं, तेवढं दावा." आरतीनं दाखवलं. वाचता न येणारी ती बाई त्या तीन अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग लाजत म्हणाली, "माझं बी लिवा की बाजूला."

आरतीनं तिचं नाव लिहिलं. हणमंतराव दिवाणावर बसून हसत होते, तोंडाच्या एकाच बाजूनं.

आता प्रिंटरखाली विटेचा तुकडा आहे आणि मी पुन्हा टेबलावर असते. माझ्या उरलेल्या कोऱ्या पानांवर आरती नव्या कायद्याचे नवे कोड लिहिते. वर गाव, खाली माणूस, मग आकडा. कोडाचा अर्थ ती अजून संगणकालाच विचारते आणि त्यात काही वावगं नाही. माणसाला मात्र आता ती खुर्ची पुढे करून विचारते, "हे पैसे कशासाठी लागले होते?"

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठे तरी एखादी जुनी वही असेल. कुणाच्या तरी वाकड्यातिकड्या अक्षरातली, आता कामाला न येणारी. ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. शिंक आली तरी चालेल. माझा १९२ए आता कायद्यात उरलेला नाही, नव्या उताऱ्यात तो कुणाला दिसणारही नाही. पण जळकोटच्या पानावर मन्मथ आणि नीलम्मा शेजारी शेजारी आहेत, आणि ते पान मी जपून ठेवलं आहे.